सीमाभागात बूथ एजंट म्हणून बसणार असाल तर

बूथ एजंट म्हणजे उमेदवाराच्या वतीनं मतदान केंद्रात बसून मतदानावर नजर ठेवणारा माणूस. त्याचं काम का मोलाचं, ते आधी बघा. बेंगळुरूत मुख्यमंत्री कोण होणार, हे थेट मतदानानं ठरत नाही. 224 आमदार निवडून जातात, त्यातले 113 ज्याच्या पाठीशी त्याचं सरकार. बेळगाव जिल्ह्याच्या वाट्याला यातल्या 18 जागा येतात. 2023 साली बेंगळुरूतल्या जयनगरचा निकाल अवघ्या 16 मतांनी लागला. सकाळी चाचणीसाठी टाकलेली 50 मतं यंत्रातून पुसायची राहिली, तर त्या 16 च्या तिप्पट घोळ एकाच शाळेच्या एकाच खोलीत होतो. त्यामुळे एजंटला भाषण ठोकता आलं नाही तरी चालेल, बेरीज-वजाबाकी मात्र आली पाहिजे.

नेमणूक

उमेदवार किंवा त्याचा निवडणूक प्रतिनिधी फॉर्म 10 वर सही करून एजंट नेमतो. त्याची प्रत घेऊन तुम्ही केंद्राध्यक्षापुढे जायचं आणि खालच्या प्रतिज्ञेवर त्याच्यासमोरच सही करायची. घरून करून नेऊ नका. उमेदवाराच्या सहीचा नमुना केंद्राध्यक्षाकडे आधीच पोचलेला असतो. सही जुळली नाही तर तुम्ही बाहेर, म्हणून घाईत भावानं किंवा मेव्हण्यानं ठोकलेली सही चालत नाही. एक एजंट आणि दोन बदली एजंट नेमता येतात, पण आत एका वेळी एकच.

एजंट शक्यतो त्याच बूथच्या किंवा शेजारच्या बूथच्या यादीतला असावा. तसा कुणी मिळाला नाही तर मतदारसंघातला दुसरा मतदार चालतो. मतदार ओळखपत्र जवळ ठेवा. सरकारी नोकराला बसवू नका. 'सुट्टीच आहे, बसा' म्हणून सरकारी शाळेतल्या मास्तरांना गळ घातली जाते आणि अडकतात ते मास्तर: लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 134अ खाली तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

बसायची जागाही क्रमानं ठरते. मान्यताप्राप्त पक्षांचे एजंट पुढे, अपक्षांचे शेवटी. महाराष्ट्र एकीकरण समितीचे उमेदवार निवडणुकीच्या कागदांवर अपक्ष असतात, तेव्हा त्यांच्या एजंटनं मागची खुर्ची गृहीत धरावी आणि नावं पुकारलेली ऐकू येतील अशी जागा पहिल्या पाच मिनिटांतच मागून घ्यावी. मोबाइल आत चालत नाही. गळ्यातला शेला, चिन्हाचा बिल्ला बाहेरच ठेवा. 100 मीटरच्या आत तो प्रचारच धरला जातो.

यादी: खरी मेहनत इथे

मतदारयादी बहुतेक ठिकाणी कन्नडमध्ये. नाव पुकारणारा अधिकारी बहुधा दुसऱ्या तालुक्यातून आलेला. तो 'परशराम कल्लाप्पा पाटील' आपल्या वळणानं वाचणार, आणि तुम्ही पानं उलटत बसणार. यावर उपाय एकच: नावापेक्षा अनुक्रमांक पकडा. तो मोठ्यानं पुकारायला सांगा. ऐकणं हा तुमचा हक्क आहे.

तयारी आठवडाभर आधी करा. फोटो असलेल्या यादीत एका पानावर 30 नावं असतात, म्हणजे हजार मतदारांच्या बूथची साधारण 34 पानं. कन्नड वाचणारा एक जण आणि गल्ली ओळखणारा एक जण शेजारी बसवा. एकानं वाचायचं, दुसऱ्यानं चौकटीलगत पेन्सिलीनं मराठीत नाव लिहायचं. नुसतं 'मारुती पाटील' लिहून भागत नाही, गावात सात मारुती पाटील निघतात. वडिलांचं नाव आणि घर क्रमांक हवाच. त्याच वेळी खुणा करा: मयत, परगावी, लग्न होऊन गेलेली. गैरहजर, स्थलांतरित आणि मयत मतदारांची वेगळी यादी केंद्राध्यक्षाकडेही असते. तिच्यातला माणूस मतदानाला आला तर ओळख जास्त काटेकोरपणे तपासली जाते आणि सहीबरोबर अंगठाही घेतात.

सीमेवरची खास अडचण सोयरिकीची. चंदगड-गडहिंग्लजची मुलगी बेळगाव तालुक्यात नांदायला येते, इथे नाव चढतं, माहेरचं तसंच राहतं. उलटही होतं. दोन राज्यांच्या दोन याद्या असल्या तरी कायद्यानं नाव एकाच ठिकाणी असलं पाहिजे. हे आधी निस्तरायचं काम आहे: स्थलांतर आणि दुरुस्तीला फॉर्म 8, नाव वगळायला फॉर्म 7. मतदानाच्या दिवशी सुनेला दारात अडवून हा प्रश्न सुटत नाही.

हिज्ज्यांवरून हरकत घेऊ नका. ओळखपत्रावर 'जोतिबा' आणि यादीत 'ज्योतीबा' असलं, पण माणूस तोच असला, तर मत द्यायला मिळतं. ओळखपत्र नसलेल्याला आधार, पॅन, वाहन परवाना, फोटो असलेलं पासबुक यांसारखे पुरावे चालतात. रेशन कार्ड चालत नाही, आणि आयोगाची मतदार चिठ्ठीही नुसती चालत नाही. हे आदल्या दिवशी गल्लीत सांगून ठेवा.

सकाळची चाचणी

मतदान 7 ला सुरू होणार असेल तर चाचणी 5:30 ला. एजंट नसले तर केंद्राध्यक्ष पंधरा मिनिटं थांबतो आणि सुरू करतो. पावणेसहानंतर पोचलात तर दिवसातला सगळ्यात मोलाचा भाग हुकला.

पहिल्यांदा कंट्रोल युनिट (अधिकाऱ्याकडचं यंत्र), बॅलट युनिट (मतदार बटण दाबतो ते) आणि व्हीव्हीपॅट (मताची चिठ्ठी छापून दाखवणारं) या तिन्हींचे क्रमांक उमेदवाराला मिळालेल्या यादीशी पडताळा. एका बॅलट युनिटवर 16 बटणं, त्यातलं एक नोटाचं. पंधरापेक्षा जास्त उमेदवार असले की दुसरं युनिट जोडतात, आणि अपक्ष खाली असल्यानं बरेचदा तिकडे जातात. आपल्या उमेदवाराचं बटण नेमकं कुठे आहे ते बघून घ्या.

किमान 50 मतं टाकायची, प्रत्येक उमेदवाराला आणि नोटालाही. कोणी कुठलं बटण दाबलं ते कागदावर मांडत जा. मग कंट्रोल युनिटवरची क्लोज, रिझल्ट, क्लिअर ही बटणं याच क्रमानं. रिझल्टचे आकडे, व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या आणि तुमचा कागद हे तिन्ही जुळले पाहिजेत. क्लिअर झाल्यावर टोटल दाबायला लावा आणि पडद्यावर शून्य दिसल्याशिवाय सही करू नका. चाचणीच्या चिठ्ठ्याही व्हीव्हीपॅटच्या पेटीतून काढून, शिक्का मारून, काळ्या पाकिटात बंद व्हायला हव्यात. क्लिअर करायचं राहिलं तर यंत्र मोजणीला वादात जातं, चिठ्ठ्या काढायच्या राहिल्या तर पडताळणीत आकडे फुगतात. हिरव्या कागदी सीलवर सही करताना तिचा क्रमांक वहीत उतरवा.

दिवसभर

कान बीपकडे. तिसरा अधिकारी बॅलटचं बटण दाबतो, कंट्रोल युनिटवर लाल दिवा लागतो, मतदार बटण दाबतो, लांब बीप वाजतो. बीप न वाजता मतदार बाहेर आला तर मत पडलेलं नाही. लगेच केंद्राध्यक्षाच्या लक्षात आणून द्या. बाहेरच्या दंग्यात हे सहज निसटतं आणि संध्याकाळी आकडा एकानं कमी येतो.

तोतया वाटला तर आक्षेप घेता येतो. दर आक्षेपाला 2 रुपये रोख, म्हणून सुटी नाणी खिशात ठेवा. तुमच्याकडे पुरावा नसला तर तो माणूस मत देऊन जातो. खरा मतदार नंतर आला आणि त्याच्या नावावर मत पडून गेलेलं निघालं, तर त्याला परत पाठवू देऊ नका. त्याला कागदी मतपत्रिकेवर प्रदत्त मत देता येतं आणि त्याची नोंद फॉर्म 17ब मध्ये होते.

व्हीव्हीपॅटची चिठ्ठी सात सेकंद दिसते. 'मी एक दाबलं, दुसरंच आलं' अशी तक्रार झाली तर लेखी प्रतिज्ञा घेऊन एजंटांसमोर चाचणी मत होतं. तक्रार खोटी ठरली तर कारवाई होते, हे मतदाराला आधी समजावून सांगणं केंद्राध्यक्षाचं काम आहे. चाचणी मताची नोंद झाली का ते बघा, नाहीतर ते खऱ्या मतांत मोजलं जाईल.

दर दोन तासांनी यंत्राची टोटल आणि मतदारांच्या सह्यांच्या 17अ नोंदवहीचा आकडा विचारून घ्या. जेवायला उठलात तर यादी बदली एजंटच्या हातात द्या. ती बाहेर नेता येत नाही.

शेवटचा तास

वेळ संपताना रांगेत असलेल्या प्रत्येकाला मत देता येतं. चिठ्ठ्या शेपटापासून वाटतात, पहिला क्रमांक सगळ्यात मागच्याला, म्हणजे नंतर कोणी घुसू शकत नाही. शेवटचं मत पडल्यावरच क्लोज.

मग फॉर्म 17क, म्हणजे पडलेल्या मतांचा हिशेब. नोंदवहीत 812 सह्या, सही करून मत न देता गेलेला 1, तर यंत्रावर 811 आले पाहिजेत. फरक असला तर कारण तिथेच लिहून घ्या. 17क ची साक्षांकित प्रत देणं केंद्राध्यक्षाला बंधनकारक आहे. तिच्यावाचून खोली सोडू नका. बस सुटायची घाई, पाऊस, 'उद्या देतो' यातलं काहीही ऐकू नका. प्रतीवर सीलचे क्रमांक आहेत ना, तेही बघा.

ती प्रत त्याच रात्री उमेदवाराच्या मतमोजणी प्रतिनिधीकडे पोचवा. मोजणीच्या टेबलावर त्यानं आधी यंत्राचा क्रमांक, मग सील, मग टोटल 17क शी ताडून बघायची, आणि तिन्ही जुळल्यावरच रिझल्टचं बटण दाबू द्यायचं.