कोकणात रानकोंबड्यासाठी सरकारी रान कसं हेरावं

राखी रानकोंबड्याचा विणीचा मुख्य काळ फेब्रुवारी ते मे. एरवी झुडपातून पाय न वाजवता सटकणारा हा पक्षी या दिवसांत पहाटे आरवून आपला ठावठिकाणा स्वतःच सांगतो. शिकारीला 1972 च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे. अंडी फोडणं, घरटं उसकटणं हेही त्या कायद्यात शिकारच धरलं जातं. तेव्हा पुढचं सगळं कान आणि दुर्बीण घेऊन जाणाऱ्यांसाठी.

पहिला प्रश्न जमिनीचा. कोकणात, विशेषतः रत्नागिरीत, सरकारी वन फार थोडं. डोळ्यांना जंगल दिसतं ते बहुतेक कुणाच्या तरी मालकीचं. म्हणून आधी महाभूनकाशा या सरकारी संकेतस्थळावर गावाचा नकाशा उघडून सर्व्हे नंबर आणि हिस्सा काढा, मग महाभूलेख या दुसऱ्या सरकारी संकेतस्थळावर त्याचा सातबारा बघा. भोगवटादाराच्या जागी ‘महाराष्ट्र शासन’ किंवा वन विभाग असेल तर काम सोपं. ‘इतर हक्क’ वाचायला विसरू नका, खाजगी वनाची नोंद बऱ्याचदा तिथे दडलेली असते. गुरचरण असेल तर ग्रामपंचायतीत सांगून जा. देवराई असेल तर गावकर किंवा गुरवाला विचारल्याशिवाय आत पाऊल टाकू नये. आणि सरकारी म्हणजे मोकाट नव्हे: राखीव वनात परवानगीशिवाय शिरणं हा गुन्हा आहे. वनरक्षकाला किंवा परिक्षेत्र कार्यालयात आधी भेटलात तर रस्ता, पाणी आणि गव्यांचा वावर या तिन्हींची माहिती एकाच बैठकीत मिळते. कागदपत्रांची खटपट नको असेल तर पनवेलजवळचं कर्नाळा किंवा मुरूड तालुक्यातलं फणसाड अभयारण्य गाठा. फणसाड हे जंजिऱ्याच्या नबाबाचं शिकारीचं रान होतं. तिथल्या पाणवठ्यांना ‘गाण’ म्हणतात, आणि उन्हाळ्यात सगळी हालचाल त्यांच्याभोवतीच असते.

जागा निवडताना उपग्रहाचं चित्र एप्रिलचं बघा. गुगल अर्थमध्ये जुन्या तारखा मागे नेता येतात. ऑक्टोबरच्या चित्रात सगळं कोकण हिरवंगार, त्यावरून काहीच कळत नाही. एप्रिलमध्ये सडा, म्हणजे कातळाचं उघडं पठार, करपलेला असतो आणि मधूनच जे हिरवे पट्टे उरतात ते वहाळाचे (ओढ्याचे), घळींचे, जिथे ओल टिकली आहे. रानकोंबडा तिथे. पण नुसती गर्द झाडी पुरत नाही. दाट आडोसा, त्याला लागून मोकळा माळ किंवा जंगलवाट, आणि पाच-दहा मिनिटांच्या अंतरावर पाणी, हे तिन्ही जिथे एकत्र येतं ती कड शोधायची. त्यात बांबूची बेटं, करवंद, तोरणं, घाणेरी, उंबर असेल तर उत्तमच. उघड्या सड्यावर वेळ घालवू नका, तिथे टिटवी भेटेल. नुकता वणवा गेलेलं रानही सोडून द्या, आडोसाच उरलेला नसतो.

मग एकदा दुपारी जाऊन जमीन वाचा. झुडपाखाली पाचोळा मागे फेकलेला आणि खालची माती वरवर खरवडलेली दिसते. ती माती अजून ओलसर, गडद असेल तर खूण आजची. वाळून फिकी पडली असेल तर जुनी. रानडुकराचं उकरणं खोल असतं, ढेकळं उलटलेली असतात. वाटेच्या कडेला वीतभर रुंद, मऊ धुळीचा खळगा म्हणजे पक्ष्यांनी धूळस्नान केलेलं. नराच्या मानेचं पीस मिळालं तर शंकाच नको: गडद पिसावर पिवळसर-पांढरे, मेणासारखे चकचकीत ठिपके. ते बघा आणि तिथेच ठेवा. वाडीच्या जवळच्या खुणा मात्र धरू नका. गावातल्या कोंबड्याही असंच उकरतात.

खरी परीक्षा पहाटे. सूर्योदयाच्या पाऊण तास आधी जागेवर हवं: मार्चच्या मध्यावर सहाला, मेच्या मध्यावर सव्वापाच-साडेपाचला. पहाटे मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, म्हणून रानाच्या पश्चिमेला, घळीच्या वरच्या धारेवर बसा. आवाज आपसूक तुमच्याकडे येतो. लाटांची गाज ऐकू येत असेल तर आणखी आत सरका. गावच्या कोंबड्याची बांग लांबत जाते. रानकोंबड्याची ‘कुक-काया-काया-कुक’ तुटक आणि झटक्यात संपणारी. मोबाइलच्या होकायंत्रावर दिशा घ्या, तीन-चारशे मीटर सरकून दुसरी घ्या. दोन्ही रेषा नकाशावर जिथे छेदतात तिथे तो आहे. तिकडे चालत जाऊ नका. झाडावरून उतरल्यावर तो चरायला ज्या मोकळ्या कडेवर येईल, तिथून पन्नास-साठ पावलं दूर, खोडाला पाठ टेकून, मळकट रंगाच्या कपड्यांत बसा. सूर्योदयानंतरचा पहिला तास आणि संध्याकाळी साडेचारनंतरचा वेळ, एवढाच कामाचा. पाणवठ्याच्या काठावर बसलात तर पक्षी तहानलेले परत जातात, आणि उन्हाळ्यात ही इजा मोठी आहे.

मोबाइलवर आवाज वाजवून नराला बोलावणं सर्रास चालतं. ते करू नये. प्रतिस्पर्धी आला समजून तो हद्द राखायला धावतो, चरणं-बघणं सगळं सोडून. काही पहाटा असं झालं की त्या जागी तो आरवायचाच बंद होतो, मग तुम्हालाही काही उरत नाही.

मार्च-एप्रिलमध्ये काजूच्या बागांना लागून असलेलं रान टाळा. बोंडं गोळा करायला माणसं उजाडायच्या आधीच येतात, आणि आंबा-काजूवरची माकडं हाकलायला फटाके उडतात. फुरसं हा विषारी साप पाचोळ्यात आणि गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) चिऱ्यांत असतो. घोट्याच्या वरपर्यंतचे बूट आणि हातात विजेरी हवीच, बसण्याआधी जागा काठीने चाळून घ्या. दोडामार्ग-सावंतवाडीकडे जाणार असाल तर माकडतापाचा विचार करा. तो गोचिडींतून पसरतो आणि त्याचा जोर याच महिन्यांत असतो. पूर्ण बाह्या, पँट मोज्यात खोचलेली, घरी आल्यावर गरम पाण्याने आंघोळ आणि कपडे लगेच धुवायला. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवा.

वाटेवर पायाच्या उंचीला तारेचा किंवा नायलॉनचा फासा दिसला तर फोटो आणि जीपीएसवरची जागा घेऊन वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करा. फासा लावणारा जवळच असू शकतो, म्हणून फोन तिथून बाहेर पडल्यावर.