ई-मेल पत्ता पडताळताना नियम मोजकेच ठेवा

फॉर्ममध्ये भरलेला ई-मेल पत्ता ग्राह्य आहे की नाही, हे केवळ लांबलचक रेग्युलर एक्स्प्रेशनवर (मजकुराची रचना तपासणाऱ्या सूत्रावर) सोपवू नये. कारण ई-मेलची रचना ठरवणाऱ्या आरएफसी ५३२२ या मानकानुसार ‘@’ या चिन्हाच्या आधीच्या भागात अधिकचे चिन्ह, अ‍ॅपॉस्ट्रॉफी, उद्गारचिन्ह, इतकेच नव्हे तर दुहेरी अवतरणात ठेवलेले दुसरे ‘@’ सुद्धा चालते. प्रत्यक्षात सर्वाधिक अडवणूक होते ती अधिकच्या चिन्हाची. आलेल्या मेलची वर्गवारी सोपी व्हावी म्हणून अनेक जण नावापुढे हे चिन्ह देऊन एखादा शब्द जोडतात, आणि त्यांचा चालू पत्ता ‘अवैध’ ठरवून नाकारणे हा माझ्या मते त्यांच्यावर सरळ अन्याय आहे. डोमेनचा (‘@’ नंतरच्या भागाचा) शेवटचा भाग चार अक्षरांपेक्षा मोठा नसतो, ही समजूतही सोडून द्यावी. शिवाय २०१२ च्या आरएफसी ६५३१ मुळे पत्त्यात लॅटिनेतर लिपींनाही वाव मिळाला आहे.

म्हणून आधी पुढच्या-मागच्या मोकळ्या जागा काढाव्यात, शेवटच्या ‘@’ पाशी पत्त्याचे दोन भाग करावेत, दोन्ही भाग रिकामे नाहीत आणि एकूण लांबी २५४ बाइटपेक्षा जास्त नाही एवढेच पाहावे. डोमेनमधील इंग्रजी अक्षरे लहान लिपीत (‘A’ ऐवजी ‘a’) बदलण्यास हरकत नाही, मात्र आधीचा भाग वापरकर्त्याने लिहिला तसाच जपावा. डोमेनच्या स्पेलिंगची शंका आल्यास पत्ता नाकारण्याऐवजी ‘आपल्याला हाच पत्ता द्यायचा आहे ना?’ असे विचारावे. खरी पडताळणी होते ती त्या पत्त्यावर पाठवलेल्या, ठरावीक मुदतीच्या दुव्यानेच. तो उघडला जाईपर्यंत कोणतीही खासगी माहिती तिथे पाठवू नये, कारण एका अक्षराच्या चुकीने ती दुसऱ्याच्याच हाती पडू शकते.