रस्टमध्ये ॲरेची लांबी जेनेरिक करताय? या चुका टाळा

आयटी पार्कजवळच्या ठेल्यावर तर्री-पोहे खाताना नवीन पोट्टे हमखास विचारतात, "दादा, कंपाइल तर झालं, मग पडलं कसं?" रस्ट या प्रोग्रामिंग भाषेच्या १.५१ आवृत्तीत, म्हणजे २०२१ साली, कॉन्स्ट जेनेरिक्स आले, म्हणजे ॲरेची (ठरलेल्या लांबीच्या यादीची) लांबी ‘एन’ असा पॅरामीटर म्हणून टाइपमध्ये देता यायला लागली, आणि जो तो प्रत्येक ॲरेला ‘एन’ लावत सुटला.

ॲरे मेमरीत कुठे बसतो, स्टॅकवर (प्रत्येक थ्रेडची, म्हणजे प्रोग्राममधल्या कामाच्या धाग्याची, मोजकी जागा) की हीपवर (मोठी, मोकळी जागा), हेच कोणी बघत नाही. काटोलकडे संत्री निवडायच्या मशीनचं काम होतं. कॅमेऱ्याची एक फ्रेम १२८० गुणिले १०२४, प्रत्येक पिक्सेलला एक बाइट. म्हणजे सव्वा एमबी. लागोपाठच्या दोन फ्रेम ताडून बघणारं फंक्शन आमच्या पोट्ट्याने ‘एन’ लांबीचे दोन ॲरे घेऊन लिहिलं. ऑफिसात लिनक्सवर मस्त चाललं, कारण मेन थ्रेडला सहसा ८ एमबी स्टॅक असतो. साइटवर तेच काम वेगळ्या थ्रेडमध्ये टाकलं. तिथे रस्ट २ एमबीच देतो आणि आपल्याला लागत होते अडीच. ऐन आंबिया बहारात मशीन बंद, बाहेर गाड्यांची रांग. बरं, स्टॅक ओव्हरफ्लो (स्टॅक भरून वाहणं) म्हणजे पॅनिक (रस्टमधली पकडता येणारी चूक) नव्हे, तो पकडता येत नाही. अख्खा प्रोग्रामच झोपतो.

पोट्टा म्हणे, "स्टॅक वाढवून टाकू ना!" वाढतो, पण पुढच्या वर्षी मोठा कॅमेरा आला की पुन्हा तेच. बॉक्समध्ये (डेटा हीपवर ठेवणारा रस्टचा टाइप) घालूनही खात्री नाही, कारण ॲरे आधी स्टॅकवर तयार होऊन मग हीपवर जाऊ शकतो. मी आधी वेक (हीपवरची, लांबी बदलू शकणारी यादी) बनवतो, त्याची बॉक्स्ड स्लाइस (हीपवरचाच, पण न वाढणारा तुकडा) करतो आणि ट्राय-इंटूने (लांबी तपासून टाइप बदलणारी सोय) ठरलेल्या लांबीच्या बॉक्समध्ये आणतो. लांबी टाइपमध्ये राहते, डेटा हीपवर. चार-पाच केबीच्या वर गेलं की मी स्टॅकवरच्या ॲरेचा विचारच सोडतो.

लांबी कॉन्फिग फाइलमधून येणार असेल तर ‘एन’ कशाला? मुकाट्याने वेक घ्या. ८, १६, २४ साठी मॅच लिहून जुगाड करणारे पाहिलेत मी. प्रत्येक लांबीसाठी कोडची वेगळी प्रत बनते.

‘एन अधिक १’ लांबीचा ॲरे स्टेबल कंपायलर घेत नाही. त्यासाठी नाइटलीवर (रस्टची प्रायोगिक आवृत्ती) उडी मारू नका. मी दुसरा पॅरामीटर ‘एम’ घेतो आणि असर्टने नातं तपासतो.

रिकाम्या स्ट्रिंग्जचा ॲरे कंसात एकदा लिहून भरत नाही, कारण स्ट्रिंग ‘कॉपी’ टाइप नाही, म्हणजे तिची आपोआप प्रत होत नाही. १.६३ पासून फ्रॉम-एफएन (प्रत्येक जागेसाठी फंक्शन चालवून ॲरे भरणारं) आहे, ते वापरा.

आणि ॲरेला डिफॉल्ट (आपोआप मिळणारी सुरुवातीची किंमत) अजूनही ३२ लांबीपर्यंतच मिळतं. ३३ वर अडलात तर कंपायलरला शिव्या देऊ नका, फ्रॉम-एफएननेच भरा.