कोडिंग येत नसताना डेव्हलपर निवडताय? या चुका टाळा

स्वतःला कोडिंग येत नसेल तर चांगला डेव्हलपर ओळखणं खरोखर अवघड असतं, कारण कच्चं काम स्क्रीनवर दिसत नाही. डेमो सगळ्यांचाच चालतो. 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटीचे दर बदलले, तेव्हाचं उदाहरण घ्या. बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये दर एका जागी ठेवलेले असतील तर हा बदल किरकोळ होता. पण कोडमध्ये जागोजागी 12 टक्के लिहून ठेवले असतील, तर तेच काम कित्येक दिवस पुरतं. खरेदीच्या दिवशी मात्र दोन्ही सॉफ्टवेअर सारखीच दिसतात.

बहुतेकांची पहिली चूक जाहिरातीतच होते. दुसऱ्याची जाहिरात उचलायची आणि त्यातली तंत्रज्ञानाची नावं तशीच ठेवायची. जावा आणि जावास्क्रिप्ट या दोन वेगळ्या भाषा आहेत हेही मग लक्षात येत नाही. 2020 मध्ये ‘फास्टएपीआय’ या प्रोग्रामिंगच्या साधनाचा चार वर्षांहून अधिक अनुभव मागणारी एक जाहिरात आली होती. ते तंत्रज्ञान तयार करणारे सेबास्टियन रामिरेझ यांनीच तेव्हा सांगितलं, की त्यांचा स्वतःचा अनुभव दीड वर्षाचा आहे! नावांऐवजी काम लिहा: ‘रोज इतक्या ऑर्डर येतात, स्टॉक जुळत नाही, तो जुळायला हवा.’

फाडफाड इंग्रजीवर भाळू नका. मुलाखत मराठीत घ्या आणि विचारा, मागच्या कामात काय बिघडलं होतं, आणि ते कसं सापडलं? ज्यानं काम स्वतः केलंय तो बारीकसारीक तपशील सांगतो. तो तुम्हाला उलट काय विचारतो तेही पाहा. धंदा समजून न घेता लगेच तारीख आणि रक्कम सांगणाऱ्याबद्दल मला तरी शंका येते.

यापेक्षा खात्रीचा मार्ग म्हणजे छोटं, खरं काम पैसे देऊन करून घेणं. एखादा रिपोर्ट, एखादा फॉर्म. फुकट करून घेऊ नका. चांगली माणसं तिथूनच परत फिरतात. काम हातात आलं की मुद्दाम एक बदल सांगा आणि तो कसा होतो ते बघा. मग एखाद्या अनुभवी डेव्हलपरला दोन तासांची फी देऊन तो कोड तपासून घ्या. कॉम्प्युटर दुरुस्त करणारा भाचा यासाठी उपयोगाचा नाही, ते काम वेगळं.

लेखी करार टाळणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. कॉपीराइट कायदा, 1957 नुसार पगारी नोकरानं नोकरीचा भाग म्हणून लिहिलेला कोड, वेगळं ठरलं नसेल तर, मालकाचा असतो. फ्रीलान्सरचा, म्हणजे नोकरीत नसलेल्या, कामापुरते पैसे घेणाऱ्याचा कोड मात्र नुसते पैसे दिल्यानं तुमचा होत नाही. हक्क लेखी हस्तांतरित करून घ्यावे लागतात. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाचच वर्षं धरली जाते. डोमेन (वेबसाइटचं नाव), सर्व्हर (सॉफ्टवेअर जिथे चालतं तो कॉम्प्युटर) आणि प्ले स्टोअरचं खातंही पहिल्या दिवसापासून तुमच्याच ईमेलवर उघडा.