धुतल्यानंतर जुना ट्रक अडखळू लागला तर दोष कसा शोधावा

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी लातूर, जालना, नांदेड या गावांत वॉशिंग सेंटरवर ट्रक-टेम्पोंची गर्दी होते. सोयाबीनची आवक त्याच सुमारास वाढलेली असल्याने इंजिनवर धूळ, तेल आणि भुसा यांचा थर बसलेला असतो आणि तो काढण्यासाठी झाकण उघडून थेट इंजिनवर जोराचा फवारा मारला जातो. त्यानंतर गाडी मिस मारू लागली (म्हणजे एखादा सिलिंडर मधूनमधून काम करेनासा झाला), झटके देऊ लागली किंवा चढावर ओढेनाशी झाली, तर पुष्कळ ठिकाणी पहिला सल्ला पंप, म्हणजे सिलिंडरकडे दाबाने डिझेल पाठवणारा डिझेल पंप, उतरवण्याचा मिळतो. तो सल्ला लगेच मानू नये, कारण पंपाचे काम खर्चिक असते आणि धुण्यानंतरचा दोष बहुधा पंपाच्या बाहेर, हाताशी सापडतो.

जुन्या यांत्रिक पंपाच्या डिझेल इंजिनात ठिणगी देणारा प्लग नसतो आणि कॉइलही नसते. दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच डिझेल पेट घेते. त्यामुळे वायरिंग भिजल्याने असे इंजिन सहसा मिस मारत नाही. (काही पंपांवर इंजिन बंद करणारा विजेचा स्टॉप सोलेनॉइड असतो, त्याची वायर सैल किंवा ओली असेल तर इंजिन अधूनमधून एकदम बंद पडते, मात्र एखादाच सिलिंडर मिस होत नाही.) पाणी आत जाण्याचे मुख्य मार्ग दोनच उरतात, हवेचा आणि डिझेलचा, आणि तपासही त्याच क्रमाने करावा.

त्याआधी एक खबरदारी घ्यावी. सेल्फ मारताच इंजिन दणका देऊन अडकले, तर पुन्हा सेल्फ मारू नये आणि गाडी ढकलून तर मुळीच चालू करू नये. पाणी हवेसारखे दाबले जात नसल्याने सिलिंडरमध्ये पाणी शिरले असेल तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. अशा वेळी नोजल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे भाग) काढून इंजिन हाताने फिरवावे आणि पाणी बाहेर पडू द्यावे.

इंजिन चालत असेल तर प्रथम धूर पाहावा. काळा धूर आणि ओढ कमी, म्हणजे हवा अपुरी पडत आहे. पांढरा धूर आणि त्याला कच्च्या डिझेलचा वास असेल, तर एखाद्या सिलिंडरमध्ये डिझेल नीट जळत नाही. मात्र थंड इंजिनाचा थोडा पांढरा धूर गरम झाल्यावर निघून जातो, त्याकडे दुर्लक्ष करावे.

काळ्या धुराच्या वेळी एअर क्लिनर उघडावा. कागदी फिल्टरवर बसलेला भुसा पाण्याने फुगून घड्यांमध्ये लगद्यासारखा चिकटलेला दिसतो, आणि बोट लावले तर करडा, चिकट थर बोटाला येतो. असा फिल्टर वाळवून उपयोग नसतो, तो बदलावाच. नुसता ओलसर असेल तर पूर्ण वाळल्यावर बसवता येतो. शंका असल्यास धूळ नसलेल्या जागी गाडी उभी करून फिल्टरशिवाय क्षणभर रेस न देता चालवून पाहावी. धूर कमी झाला तर दोष सापडला. जुन्या पद्धतीच्या, भांड्यात तेल असलेल्या एअर क्लिनरमध्ये ते तेल दुधाळ झाले असेल तर पाणी मिसळले आहे. भांडे धुऊन कोरडे करून नवे तेल खुणेपर्यंतच भरावे, कारण जास्त भरलेले तेल इंजिन ओढून घेते.

त्यानंतर डिझेल. डिझेल फिल्टरखालचा किंवा वॉटर सेपरेटरचा (डिझेलमधले पाणी वेगळे करणाऱ्या भांड्याचा) ड्रेन स्क्रू सैल करून थोडे डिझेल पारदर्शक बाटलीत घ्यावे आणि दहा-पंधरा मिनिटे स्थिर ठेवावे. एक लिटर डिझेलचे वजन साधारण 820 ते 845 ग्रॅम असते, म्हणजे ते पाण्यापेक्षा हलके, त्यामुळे पाणी तळाशी वेगळे दिसते. तसे दिसल्यास टाकीच्या तळाशी साचलेले पाणीही काढून टाकावे आणि टाकीच्या झाकणाचा वायसर तपासावा. फवारा झाकणावर सरळ पडला असेल तर फाटलेल्या वायसरमधून पाणी सहज आत जाते. फिल्टर बदलल्यावर हँड प्रायमर (हाताने डिझेल ओढणारा छोटा पंप) मारून डिझेलच्या पाइपांतली हवा काढावी: ब्लीडिंग स्क्रूतून फेस येणे थांबून सलग धार येईपर्यंत. फेस थांबतच नसेल, तर टाकीपासून फीड पंपापर्यंतचा (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या पंपापर्यंतचा) रबरी पाइप आणि बँजो बोल्टचे (पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) वायसर पाहावेत. धुताना ओढला गेलेला जुना पाइप तेथेच हवा घेतो.

एवढ्यावरही मिस राहिल्यास कोणता सिलिंडर मिस आहे ते शोधावे. इंजिन आयडलवर ठेवून एकेका नोजलच्या पाइपचा नट स्पॅनरने किंचित सैल करावा. ज्याचा नट सैल केल्यावर इंजिनच्या आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर काम करत नाही. हे करताना चष्मा घालावा आणि हात धारेसमोर आणू नये, कारण दाबाने उडालेले डिझेल कातडीत घुसते. कॉमन रेल (सर्व नोजलना एकाच दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या, सेन्सरवर चालणाऱ्या) इंजिनावर मात्र हा प्रयोग कधीही करू नये; तेथे दाब हजार बारच्याही पुढे असतो. अशा इंजिनांत धुतल्यानंतर सेन्सरचे कपलर भिजतात, ते बॅटरीची वायर काढून उघडून कोरडे करावेत.

पेट्रोलवरचा जुना पिकअप असेल तर सारा क्रमच उलटतो. तेथे डिस्ट्रिब्युटरचे (प्रत्येक प्लगला वीज वाटणाऱ्या भागाचे) झाकण, प्लगकडे जाणाऱ्या हाय टेन्शन वायर आणि प्लगच्या खोबणी आधी कोरड्या कराव्यात. रात्री अंधारात बोनेट उघडून इंजिन चालू ठेवले, की चिरलेल्या वायरवर निळसर ठिणग्या दिसतात.

हे सगळे ठीक निघाले तरच पंपाकडे वळावे. गरम किंवा चालू इंजिनाच्या पंपावर थंड पाणी पडले तर त्याची बॉडी आकसून आतले प्लंजर (डिझेल दाबणारे दांडे) अडकू शकतात, म्हणून इंजिन थंड झाल्यावरच धुवावे आणि पंपावर फवारा धरू नये. तरीही पंप उतरवावा लागलाच, तर उतरवण्याआधी त्याच्या फ्लँजवर (इंजिनाला बोल्टने जोडलेल्या कडेवर) आणि इंजिनाच्या बॉडीवर एकाच रेषेत छिन्नीने खूण करून घ्यावी, म्हणजे परत बसवताना टायमिंग चुकणार नाही.