निळा घातला, हिरवा निघाला

तापीवरच्या हतनूर धरणाच्या फुगवट्यावर मरळ मासा पकडायला आमिष म्हणून लागणाऱ्या रबरी अळ्या मी घरीच ओततो. परवा निळ्या हव्या होत्या, निघाल्या शेवाळी! रंगाच्या बाटलीला शिव्या घातल्या, पण चूक माझीच. प्लॅस्टिसॉल, म्हणजे अळ्या ओतायचं पातळ प्लॅस्टिक, कच्चं असताना दुधासारखं दिसतं, १७५ अंशांच्या आसपास तापलं की पारदर्शक होतं. मी अंदाजाने जास्तच तापवलं, ते पिवळं पडलं. पिवळ्यात निळा म्हणजे हिरवाच की.

आता थर्मामीटर आणलाय. पारदर्शक झालं की मगच रंग, तोही सिरिंजने थेंब मोजून. एक टिपका स्टीलच्या ताटलीवर पाडतो, निवला की उजेडात धरतो, मग गढूळ पाण्याच्या ग्लासात बुडवून बघतो. पावसाळ्यात तापी तशीच असते ना! वाफ घशाला लागते, म्हणून काम अंगणात. ते पातेलं बायकोने स्वयंपाकघरातून कायमचं हद्दपार केलंय.