तळाचं यीस्ट सिंकमध्ये ओतू नका, आणि पाण्याने धूही नका

लिक्विड यीस्टचं एक पाकीट इकडे अमेरिकेत आता साधारण १० ते १४ डॉलरला पडतं, आणि ते घरच्या बिअरच्या ५ गॅलनच्या बॅचमध्ये टाकलं की आठवड्याभरात वाढून तीन-चार पट होतं आणि फर्मेंटरच्या (बिअर आंबवायच्या भांड्याच्या) तळाशी गुपचूप बसतं. मग आपण बिअर केगमध्ये किंवा बाटल्यांत भरतो आणि तो सगळा साका पाण्याचा फवारा मारून घालवून देतो. म्हणजे पैसे देऊन आणलेलं, आपल्याच घरात वाढलेलं, तरतरीत यीस्ट गटारात आणि पुढच्या बॅचला परत नवीन पाकीट. जगातल्या बहुतेक सगळ्या ब्रुअरीज एकाच यीस्टवर लागोपाठ कितीतरी बॅचेस काढतात, त्यांच्यासाठी हे रोजचं काम आहे, आणि घरी करायला एक स्वच्छ बरणी, थोडा सॅनिटायझर आणि फ्रिजचा एक कोपरा एवढंच लागतं.

आधी एक गोष्ट सांगून टाकते. हे जिथे घरी बिअर बनवायला परवानगी आहे तिथल्या लोकांसाठी आहे. अमेरिकेत १९७८ साली जिमी कार्टरनी सही केलेल्या कायद्याने केंद्राकडून ही मोकळीक मिळाली, एका प्रौढ माणसाच्या घराला वर्षाला १०० गॅलन आणि दोन किंवा जास्त प्रौढ असतील तर २०० गॅलन, फक्त विकायची नाही. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे, परवाना नसताना घरी बिअर बनवणं तिकडे गुन्हा आहे, त्यामुळे तिकडच्या मंडळींनी वाचायला काही हरकत नाही पण करू नका.

आता मुद्द्यावर येते. यीस्ट परत वापरायचं म्हटलं की बऱ्याच ठिकाणी पहिला सल्ला मिळतो तो म्हणजे यीस्ट धुवा, उकळून गार केलेलं पाणी घाला, हलवा, गाळ बसू द्या, वरचं दुधाळ पाणी दुसऱ्या बरणीत, मग परत तेच. मला हे अजिबात पटत नाही, आणि का ते नीट सांगते कारण सगळी पद्धत त्यावरच उभी आहे. यीस्ट ज्या बिअरखाली बसलेलं असतं तिचा पीएच साधारण ४.२ ते ४.५ असतो, तिच्यात अल्कोहोल असतं, हॉप्स या फुलांचा कडूपणा असतो, ऑक्सिजन जवळपास नसतोच, म्हणजे नको त्या बॅक्टेरियांना तिथे जगणं अवघड आणि यीस्टला मात्र ती घरची जागा. तुम्ही पाणी घातलंत की हे सगळं संरक्षण पातळ झालं, पीएच वर गेला, आणि प्रत्येक वेळी बरणी उघडताना हवेतलं काहीतरी आत जायची संधी वाढली. आणि मिळालं काय, तर थोडं पांढरं दिसणारं यीस्ट. थोडा ट्रब (हॉप्स आणि प्रोटीनचा गाळ) बरोबर गेला तर बिअरला काही होत नाही हो. व्यावसायिक ब्रुअरीत कधीकधी आम्लाने धुतात, फॉस्फोरिक ॲसिड घालून पीएच २ च्या आसपास आणतात, पण ती बॅक्टेरिया मारायची वेगळी प्रक्रिया आहे, थंडीत आणि वेळ मोजून करतात, घरी त्या भानगडीत पडायची गरज नाही. त्यामुळे माझं सांगणं एकच, त्याच्याच बिअरखाली ठेवा, झाकून ठेवा, आणि लवकर वापरा.

पण कुठल्याही बॅचचं यीस्ट ठेवायचं असंही नाही. पहिली परीक्षा जिभेची. हायड्रोमीटरने घनता मोजायला काढलेलं सॅम्पल प्या, चव आवडली नाही, आंबट लागली, बँडएडसारखा किंवा लोणी वितळल्यासारखा वास आला, तर ती बॅच कितीही महागाच्या यीस्टची असो, साका टाकून द्या. दुसरं म्हणजे बिअर किती स्ट्राँग होती. ओरिजिनल ग्रॅव्हिटी (आंबण्याआधीची घनता, साखर जास्त तर ती जास्त) १.०६५-१.०७० च्या वर असेल तर तिथलं यीस्ट अल्कोहोलने दमलेलं असतं, बार्लीवाइनसारख्या फार स्ट्राँग बिअरच्या तळाचं यीस्ट पुढच्या पेल एलला लावू नका. तिसरं, ड्राय हॉपिंग केलेली (थेट फर्मेंटरमध्ये हॉप्स घातलेली) आयपीए ही कडवट बिअर, तिच्यात यीस्ट कमी आणि हिरवा चोथा जास्त असतो, त्यावर उपाय आहे तो पुढे सांगते. आणि ब्रेटानोमायसिस (जंगली यीस्ट) किंवा लॅक्टोबॅसिलस (आंबट करणारा बॅक्टेरिया) घातलेल्या आंबट बिअरचं यीस्ट तर वेगळ्याच विश्वातलं, ते साध्या बिअरच्या जवळपासही आणू नका.

म्हणून बॅचेसचा क्रमच आधी ठरवून ठेवा. हलक्याकडून भारीकडे, फिक्याकडून गडदकडे, कमी कडूकडून जास्त कडूकडे. म्हणजे आधी १.०४५ ची ब्लाँड एल, तिच्या यीस्टवर पेल एल, त्यावर आयपीए किंवा पोर्टर, आणि शेवटी एखादा इम्पीरियल स्टाउट, तिथे त्या यीस्टची रजा. उलट केलंत तर स्टाउटचा काळा साका ब्लाँडमध्ये जाईल आणि रंग नि भाजकी चव दोन्ही उतरेल.

आता प्रत्यक्ष कृती. ग्रॅव्हिटी दोन-तीन दिवस सारखी आली की आंबणं संपलं असं समजायचं, मग फर्मेंटर फ्रिजमध्ये ३-४ डिग्री सेल्सियसला एक-दोन दिवस. यीस्ट घट्ट बसतं. त्याहून फार दिवस ठेवू नका, तळाच्या थरात यीस्ट उपाशी बसून राहतं आणि मरायला लागतं. काचेची रुंद तोंडाची मेसन जार घ्या, अर्ध्या लिटरच्या दोन बरण्या, एक फुटली किंवा बिघडली तरी दुसरी हाताशी. आधी साबणाने किंवा पीबीडब्ल्यू या क्लीनर पावडरने स्वच्छ धुवा, कारण सॅनिटायझर घाणीवर चालत नाही, हे लोक सारखं विसरतात. मग स्टार सॅन हा सॅनिटायझर, एक लिटर पाण्याला साधारण दीड मिली, बरणी, झाकण, फनेल, आणि फर्मेंटरचं तोंड बाहेरून आतून, सगळ्याला एक-दोन मिनिटं ओलं राहू द्या. फेस राहिला तर राहू दे, पुसू नका. किचनमधला पंखा, एसी बंद करा, आणि त्याच ओट्यावर त्याच वेळी धान्य दळत बसू नका, माल्टच्या (मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या) पिठात लॅक्टोबॅसिलस भरपूर असतो.

बिअर काढताना पूर्ण तळापर्यंत ओढू नका, वर अर्धा ते एक लिटर राहू द्या. ती आपल्याला लागणार आहे. फर्मेंटर गोल फिरवून हलवा, सगळा साका मोकळा होऊन त्या बिअरमध्ये मिसळेल, आणि मग दहा-पंधरा मिनिटं तसाच टेकवून ठेवा. जड ट्रब, हॉप्सचे तुकडे, प्रोटीनच्या गुठळ्या आधी खाली जातात आणि यीस्ट अजून तरंगत असतं. आता हळूच ओतायला लागा. पहिल्यांदा पातळ दुधाळ येतं, मग घट्ट, मलईच्या रंगाचं, एकसारखं गुळगुळीत, हेच आपलं. तपकिरी-हिरवट कण यायला लागले की थांबा. बरणी पाऊण भरा, वर जागा सोडा.

झाकण घट्ट लावू नका. कृपा करून लावू नका. यीस्ट थंडीतही थोडाफार कार्बन डायऑक्साइड सोडत राहतं, उरलेली साखर असेल तर जास्तच, आणि काचेची बंद बरणी फ्रिजमध्ये फुटली तर भाजीच्या ट्रेपासून पिठाच्या डब्यापर्यंत सगळीकडे काचा होतात. झाकण ठेवायचं आणि जेमतेम अडकेल एवढंच फिरवायचं, बस. बरणीवर मास्किंग टेप लावून त्यावर लिहा: कुठलं यीस्ट, कुठल्या बिअरमधून, तारीख, आणि कितवी पिढी (कितव्यांदा वापरलंय). महिन्याभराने फ्रिजमध्ये तीन सारख्या दिसणाऱ्या बरण्या असतात आणि आठवत काही नाही, त्यामुळे हे त्याच मिनिटाला करा.

दुसऱ्या दिवशी बरणी उजेडासमोर धरून बघा. वर निवळलेली बिअर, मध्ये पांढरट-मलई रंगाचा जाड थर, आणि अगदी तळाला गडद रेघ, असं दिसलं की छान निघालंय. मधला थर बोटभर तरी असावा. वासाला ताज्या ब्रेडसारखा, बिअरसारखा यायला हवा. व्हिनेगरसारखा, सडका, जळक्या रबरासारखा किंवा सोया सॉससारखा वास आला, थर राखाडी-तपकिरी पडला, किंवा पृष्ठभागावर गुलाबी, हिरवं, केसाळ काही दिसलं, तर विचार न करता फेका. पाच गॅलन बिअर आणि एक अख्खा दिवस पणाला लावायचा की दहा डॉलर, एवढा साधा हिशेब आहे.

किती घालायचं हा प्रश्न सगळ्यांना पडतो. एलसाठी नेहमीचा नियम म्हणजे दर मिलिलिटर वर्टमागे (माल्टचं न आंबलेलं गोड पाणी) दर डिग्री प्लेटोमागे (वर्टमधल्या साखरेचं माप) साडेसात लाख पेशी, थंडीत आंबणाऱ्या लागरसाठी दुप्पट. १.०५० ची ५ गॅलन बॅच म्हणजे १९ लिटर आणि साधारण १२.४ प्लेटो, गुणाकार केला की जवळपास १८० अब्ज पेशी लागतात. नीट बसलेल्या ताज्या स्लरीत (बरणीतल्या घट्ट यीस्टमध्ये) एका मिलिलिटरला एक अब्जाच्या आसपास किंवा थोड्या जास्त पेशी धरतात, म्हणजे वरची बिअर ओतून टाकून खालची घट्ट स्लरी १८० ते २०० मिली, एक मोठी वाटी. लागरला दोन वाट्या. एका बॅचमधून यापेक्षा बरंच जास्त यीस्ट निघतं, म्हणूनच काहीजण सरळ जुन्या फर्मेंटरमधल्या अख्ख्या साक्यावर नवीन वर्ट ओततात. इम्पीरियल स्टाउटसारख्या बिअरला ते चालतं, पण १.०५० च्या एलला ते खूप जास्त होतं, नवीन पेशी कमी तयार होतात, एस्टर (फळांसारखा वास देणारी द्रव्यं) नीट येत नाहीत आणि बिअर चवीला सपक लागते. शिवाय न धुतलेला फर्मेंटर परत वापरणं मला तरी बरं वाटत नाही. मोजून घाला.

आठवड्याच्या आत वापरत असाल तर सरळ बरणीतून वर्टमध्ये. दोन आठवडे झाले असतील तर स्लरी थोडी जास्त घ्या. महिना उलटला की स्टार्टर कराच, म्हणजे यीस्ट आधी थोड्या वर्टमध्ये वाढवून घ्या: एक लिटर पाण्यात १०० ग्रॅम ड्राय माल्ट एक्स्ट्रॅक्ट, दहा-पंधरा मिनिटं उकळा, झाकून २० डिग्रीपर्यंत गार करा, त्यात स्लरीचे तीन-चार मोठे चमचे, वर सॅनिटाइझ केलेला फॉइल सैल लावून येता-जाता गोल हलवत राहा, आपोआप ढवळत राहणारी स्टर प्लेट असेल तर उत्तमच. २४ ते ३६ तासांत फेस येऊन गेला आणि खाली पांढरा थर दिसला की यीस्ट जिवंत आहे. काहीच हललं नाही तर नवीन पाकीट आणा. आणि एक इशारा, वेळ वाचावा म्हणून स्टार्टरचं वर्ट नुसतं उकळून बरणीत बंद करून कपाटात ठेवू नका, वर्टचा पीएच ५ च्या वर असतो, त्यात बोट्युलिझमचा धोका खरा आहे, दरवेळी ताजं करा.

आणखी एक गोष्ट जी ड्राय यीस्टवाल्यांना माहीत नसते. पाकिटातल्या ड्राय यीस्टमध्ये स्टेरॉलचा (यीस्टला वाढायला लागणाऱ्या द्रव्याचा) साठा कंपनीतच भरून येतो त्यामुळे पहिल्या बॅचला वर्टमध्ये हवा मिसळली नाही तरी निभतं, पण परत वापरताना तो साठा संपलेला असतो. त्यामुळे गार झालेलं वर्ट जोरात हलवा, उंचावरून ओता, किंवा ऑक्सिजनचे बारीक बुडबुडे सोडणारा दगड असेल तर तो वापरा. नाहीतर दुसऱ्या बॅचला आंबणं मध्येच रखडतं आणि मग लोक म्हणतात यीस्ट परत वापरून चालत नाही.

ज्यांना आयपीएच करायची असते त्यांच्यासाठी मघाशी म्हटलेला उपाय, आणि खरं तर हा मला सगळ्यात आवडतो. यीस्ट बिअरमधून काढूच नका, स्टार्टरमधून काढा. गरजेपेक्षा मोठा स्टार्टर करायचा, समजा २०० अब्ज पेशी हव्यात तर ३०० चा, आणि पिच करायच्या (वर्टमध्ये घालायच्या) आधी हलवून त्यातला एक तृतीयांश स्वच्छ बरणीत काढून ठेवायचा. हॉप्स नाहीत, ट्रब नाही, जास्त अल्कोहोल नाही, एकदम पांढरंशुभ्र यीस्ट. पुढच्या वेळी त्या बरणीपासून परत मोठा स्टार्टर, घरातलं विरजण पुढे चालवतो तसंच. थोडा ड्राय माल्ट एक्स्ट्रॅक्ट जास्त लागतो एवढंच.

उघड्या बादलीत आंबवत असाल आणि इंग्लिश एल किंवा हेफेवायझन या जर्मन गव्हाच्या बिअरचं यीस्ट असेल तर वरून काढायचीही सोय आहे, कारण ही यीस्टं फेसाबरोबर वर येतात. पहिला तपकिरी, चिकट, कडू फेस सॅनिटाइझ केलेल्या चमच्याने काढून टाका, साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जो पांढरा दाट फेस चढतो तो बरणीत घ्या. इंग्लंडमधल्या टॅडकास्टरच्या सॅम्युअल स्मिथ ब्रुअरीत अजून यॉर्कशायर स्क्वेअर नावाच्या दगडी चौकोनी टाक्यांमध्ये बिअर आंबवतात, तिथली परंपरा याच फेसावरची. हे यीस्ट सगळ्यात तरणं असतं.

पिढ्या किती चालवायच्या, तर घरच्या स्वच्छतेत पाच-सहापर्यंत बिनधास्त, त्यानंतर चव बदलतेय का, आंबायला वेळ लागतोय का, यीस्ट पूर्वीसारखं खाली बसतंय का, यावर लक्ष ठेवा. हेफेवायझनमध्ये केळं आणि लवंगेचा तोल लवकर हलतो, तिथे मी तीनच्या पुढे जात नाही. आणि सेझाँ ही बेल्जियन धाटणीची बिअर करणाऱ्यांनी विशेष जपा, वायईस्ट ३७११ किंवा बेल सेझाँ ही डायस्टॅटिकस जातीची यीस्टं आहेत, दुसऱ्या यीस्टला न पचणाऱ्या डेक्स्ट्रिन साखरासुद्धा ती खातात, दुसऱ्या बरणीत चुकून थोडी जरी गेली तरी बाटल्यांमध्ये महिनोन्महिने आंबत राहतात आणि बाटल्या फुटू शकतात. त्यांची नळी, फनेल, बरणी वेगळी आणि त्यावर मोठ्या अक्षरात नाव.

जुनं झालेलं, आता लावायचं नाही असं यीस्ट उरलं तर तेही वाया घालवू नका, दोन-तीन चमचे पुढच्या बॅचच्या उकळत्या वर्टमध्ये शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांत टाका, मेलेलं यीस्ट नव्या यीस्टला चांगलं खाद्य होतं. बाकीचं कंपोस्टमध्ये, फक्त घरात कुत्रा असेल तर झाकून, कारण हॉप्स कुत्र्यांना विषारी असतात.